अर्ध्या चांदाचा रविवार

मराठवाड्यात एक जूनला जेवढी माणसं जन्मली, तेवढी वर्षाच्या उरलेल्या सगळ्या दिवसांत मिळून जन्मली असतील की नाही, अशी शंका येते. त्या दिवशी सकाळपासून बँकांचे, विमा कंपन्यांचे आणि वॉर्डातल्या भावी नगरसेवकांचे शुभेच्छासंदेश घरोघर धडकतात, आणि पन्नाशीपुढची मंडळी ते न वाचताच पुसून टाकतात. पुंडलिकनगरात करुणाबाई साळव्यांच्या घरी तर दोन फोन एकदम वाजायचे. त्यांचे यजमान राजेंद्र हेही एक जूनचेच.

"आपल्यात पत्रिका बघत नाहीत म्हणून," राजेंद्र पाहुण्यांना सांगायचे, "नाहीतर छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले असते."

पाहुणे हसायचे. करुणाबाईही हसायच्या, पण जरा उशिरा.

त्या मुकुंदवाडीतल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवत. शनिवारचा शेवटचा तास त्यांचा गमतीचा तास. वेळापत्रकात त्या तासाला 'मूल्यशिक्षण' असं नाव होतं; त्यामुळे तिथं काय चालतं ते बघायला कुणी फिरकत नसे. दप्तराचा पट्टा रुंद असला की खांदा कमी का दुखतो, माठ घामाघूम झाल्याशिवाय पाणी गार का होत नाही, असले विषय तिथं निघत. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार मात्र ठरलेला असायचा. त्या दिवशी वाढदिवसाचा खेळ.

"वर्गात तुम्ही चाळीस जण," त्या सातवीच्या मुलांना म्हणाल्या. "मी पैज लावते. तुमच्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघणार."

"शक्यच नाही, मॅडम!" ऋतुराज नावाचा एक हुशार मुलगा उभा राहिला. "वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. आम्ही चाळीस. नऊ पट जागा रिकामी आहे."

"बोला मग तारखा."

एकेकानं उठून तारीख सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या बाकावरची मेघा "चौदा ऑगस्ट" म्हणाली आणि ऋतुराजचा चेहरा पडला. त्याचाही चौदा ऑगस्टच.

वर्गात जो गोंगाट झाला तो ओसरू देऊन करुणाबाईंनी खडू उचलला. "ऋतुराज काय चुकला? तो विचार करत होता, माझ्याशी कुणाचा जुळेल? आपण सगळे असाच विचार करतो, स्वतःला मधोमध ठेवून. पण मी विचारलं होतं, कुणाचाही कुणाशीही. समजा, आत्ता प्रत्येकानं प्रत्येकाशी हात मिळवायचा. पहिला एकोणचाळीस जणांशी मिळवेल. दुसऱ्याचा पहिल्याशी झालाय, तो अडतीस जणांशी. असं शेवटपर्यंत. बेरीज करा." मुलांनी केली. सातशे ऐंशी. "म्हणजे जुळण्याच्या संधी चाळीस नाहीत, सातशे ऐंशी आहेत. नुसती तेवीस मुलं असली तरी निम्म्या वेळा मी जिंकते. चाळीस असली की दहांत जवळजवळ नऊ वेळा. पैज लावताना मी काही फार धाडस केलं नव्हतं."

इथं खेळ दरवर्षी संपायचा. यंदा सोनिया नावाच्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, तुमचा कधी?"

"एक जून."

"माझ्या आजीचा पण!"

"माझ्या आजोबांचा पण एक जून."

"आमच्याकडं आजी, आजोबा अन मोठ्या बाबांचा पण!"

सातशे ऐंशी हस्तांदोलनांचं गणित क्षणात मातीत गेलं. मग करुणाबाईंना सांगावंच लागलं. त्यांच्या लहानपणी खेड्यात जन्माची तारीख कुणी टिपून ठेवत नसे. बाप पोराला शाळेत घेऊन यायचा आणि हेडमास्तर पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात घाल आणि पलीकडचा कान धर. धरता आला तर सहा वर्षं पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा लिहा एक जून.

"कानावरून वय कसं कळतं?" ऋतुराजला आता पैज परत जिंकायची होती.

"कारण आपण सगळीकडून सारखे वाढत नाही. तान्ह्या बाळाचं नुसतं डोकंच त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. हात तोकडे. मग डोकं हळूहळू वाढतं आणि हातपाय भराभर. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी हात डोक्याला ओलांडून जातो. हेडमास्तरांची मोजपट्टी अगदीच टाकाऊ नव्हती. वर्ष-दीड वर्ष इकडं तिकडं."

चाळीस मुलांनी डोक्यावरून हात घालून पलीकडचे कान धरले. पर्यवेक्षिका तेवढ्यात दारावरून गेल्या, वर्गाकडे बघितलं, आणि मूल्यशिक्षण चांगलं चाललंय असं समजून पुढं गेल्या.

"मग मॅडम, तुमचा खरा कधी?" सोनियानं कान न सोडता विचारलं.

"माहीत नाही."

"आईला विचारा ना. आईला माहीतच असतं."

घरी जाताना करुणाबाईंच्या डोक्यात हे वाक्य राहिलं. त्यांना केक नको होता. वर्षभर एकेक मूल नवे कपडे घालून, चॉकलेटचा डबा छातीशी धरून त्यांच्या टेबलाशी यायचं, आणि त्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायच्या. वाढदिवस म्हणजे काय, तर पृथ्वी सूर्याभोवती आख्खी फेरी मारून आज परत त्याच वळणावर आली, जिथं तू पहिल्यांदा रडलास. सेकंदाला तीस किलोमीटर धावत आली बिचारी, तुझ्यासाठी. मुलं खूश होऊन जायची. करुणाबाई चॉकलेट ड्रॉवरमध्ये टाकायच्या. त्यांचंही असं एक वळण होतं. दरवर्षी पृथ्वी तिथून जात होती, आणि बसमध्ये डुलकी लागून आपलं गाव मागं जावं तसं ते मागं जात होतं.

पुढच्या रविवारी त्या माहेरी, पाचोडला गेल्या.

पाचोडात त्या करुणाबाई नसत, नुसती "करुणे". आई, गोजरबाई, ऐंशीच्या पुढची, धाकट्या मुलाकडं, गोकुळकडं राहायची. गोकुळ बाजारात गेला होता. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. करुणाबाईंनी समोर बसून शेंगा हातात घेतल्या.

"माय, मी कवा जन्मले?"

"का? पगार अडला का?"

"नाय गं. असंच."

"असंच कुणी पन्नास वर्षांनी इचारतं व्हय? मास्तरनं लिवलंय ना?"

"ते खोटं. गोकुळचंपण एक जूनच लिहिलंय."

"मंग बरंय की. एका खर्चात दोघांचं." म्हातारीनं एक किडकी शेंग अंगणात भिरकावली. "वेचणीचे दिस व्हते."

"एवढंच? आठव ना जरा. माझ्यासाठी."

गोजरबाईचे हात थांबले. मग बोलली ती लेकीशी नव्हे, समोरच्या अंगणाशी बोलल्यासारखी.

"दुष्काळ सरला ते साल. पयल्यांदाच रानात कापूस फुटला व्हता, पांढराशिप्पट. सगळ्या बाया वेचणीला. बाजाराचा दिस, तुझा बाप बाजाराला गेलता. घरात चिटपाखरू नाय. ह्या हितं अंगणात बाज टाकून पडले व्हते. दिस मावळाया लागला अन चांद बराबर डोक्यावर. अर्धा. भाकर मोडून ठिवावी तसा. म्या नुसती त्या चांदाकडं बघायची अन पदर चावायची. लई येळ."

"मग?"

"मंग काय. झालं." ती शेंगांकडे वळली. "चहा टाक. गोकुळ यील."

करुणाबाईंनी चहा टाकला. बाजाराचा दिवस, मावळतीला डोक्यावर अर्धा चंद्र, दुष्काळानंतरची पहिली वेचणी. आईनं त्यांना तारीख दिली नव्हती, पण गणित दिलं होतं, आणि तेही सुटणारं.

परत येताना त्यांची बस मुकुंदवाडीच्या सिग्नलला थांबली. शेजारी दोन रिक्षा, दोन्हींचे उजवीकडचे दिवे लुकलुकत. आधी एकीचा, मग दुसरीचा. हळूहळू अंतर कमी होत गेलं, एकदा दोन्ही दिवे अगदी एका क्षणी लागले, आणि पुन्हा फारकत झाली. करुणाबाई खिडकीला नाक लावून बघत राहिल्या. वारांचा दिवा दर सात दिवसांनी लागतो. अर्ध्या चंद्राचा दर साडेएकोणतीस दिवसांनी. एका वेचणीच्या हंगामात हे दोन दिवे एकदम लागायची वेळ फार तर एकदा येणार.

राजेंद्र घरी टीव्ही बघत होते. करुणाबाईंनी टीव्ही बंद केला, टेबललॅम्प जमिनीवर ठेवला आणि गोकुळनं दिलेल्या पिशवीतली एक मोसंबी काढली.

"रस काढतेस?"

"हा दिवा म्हणजे मावळता सूर्य. ही मोसंबी चंद्र. तुम्ही पृथ्वी. गप्प बसा." त्यांनी मोसंबी नवऱ्याच्या डोक्यावर धरली. "वर बघा. किती उजेडात दिसते?"

"अर्धी."

"आता दिव्याच्या बाजूला खाली आणते."

"बारीक कोर राहिली."

"आता तुमच्या पाठीमागं, दिव्यासमोर."

"आख्खी दिसतेय."

"म्हणजे सूर्य मावळताना चंद्र डोक्यावर असेल तर तो अर्धाच असणार. पौर्णिमेचा त्या वेळेला नुकता पूर्वेला उगवत असतो. माय म्हणाली डोक्यावर, आणि माय म्हणाली अर्धा. म्हणजे मायला नीट आठवतंय. खोटं आठवणारा माणूस यातलं एक चुकवतो."

राजेंद्रांनी मान खाली केली. ती दुखायला लागली होती. "बरं. पुढं?"

पुढचं त्यांनी आधी बोटांवर केलं, मग मोबाइलवर पडताळलं. बहात्तरचा दुष्काळ, म्हणजे वेचणी त्र्याहत्तरची. चंद्राचा महिना चार आठवड्यांहून दीडेक दिवसानं मोठा, म्हणून अर्धा चंद्र दर खेपेला एक-दोन वारांनी पुढं सरकतो. नोव्हेंबरात तो शनिवारी आला होता. जानेवारीत मंगळवारी. मधल्या डिसेंबरात रविवारी. आणि पाचोडचा बाजार रविवारचा.

"दोन डिसेंबर," करुणाबाई म्हणाल्या. त्यांना ते पुन्हा म्हणावंसं वाटलं, म्हणून त्या पुन्हा म्हणाल्या.

राजेंद्रांनी हिशोब केला. "कागदावर तू जून चौऱ्याहत्तरची. म्हणजे आज तू सहा महिन्यांनी मोठी झालीस, आणि वर आनंद होतोय. अशी बाई मी पहिल्यांदा बघतो."

सातवीच्या वर्गाला पुढच्या शनिवारी सगळं सांगितलं गेलं. मोसंबी घेऊन ऋतुराजला पृथ्वी केलं. दोन डिसेंबर फार लांब नव्हता. वर्गानं केकचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. मग करुणाबाई म्हणाल्या, "चॉकलेटं मी वाटीन," आणि हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदा म्हणतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दोन-तीन दिवस उगाच कॅलेंडरसमोर उभ्या राहत. कुंकवाची बाटली सांडावी तशी ती तारीख सगळीकडे लागत होती. दुधाच्या पिशवीवर, गॅसचा नंबर लावताना, रस्त्यातल्या लग्नाच्या फलकावर.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी त्या पेढे घेऊन पाचोडला गेल्या. ऊन कलतीला होतं. गोजरबाई अंगणात बाजेवर बसली होती. करुणाबाईंनी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि शाळेत सांगतात तसं सगळं सांगितलं. दिवे, मोसंबी, शनिवार, रविवार, मंगळवार. म्हातारीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती ऐकत मात्र होती, फार लक्ष देऊन.

"दोन डिसेंबर," ती शेवटी म्हणाली. "बघ माय. तारीख बी निघाली तिची."

"तिची?"

म्हातारीनं पेढा या हातातून त्या हातात घेतला.

"माय, तिची म्हणजे? माझी ना?"

"तू न्हवं ती, करुणे." गोजरबाईनं पेढा बाजेवरच्या धुतल्या लुगड्याच्या घडीवर ठेवला. "तुझ्या आधीची. तू इचारलं तवा त्वांडातून तिचंच निघालं, अन मंग सांगवंना. अर्ध्या चांदाची ती. चारेक दिस व्हती. लई गोरी. रडायचीच नाय."

अंगणात कोंबडी काहीतरी टोचत होती. करुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आधी प्रश्न नीट वाचा, मग पेन उचला, हे त्या तीस वर्षं पोरांना सांगत आल्या होत्या. गणित बरोबर होतं. प्रत्येक पायरी बरोबर होती.

"मला कुणीच कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय सांगायचं? नाव ठिवलं असतं तर सांगितलं असतं. नाव ठरलं व्हतं. तुझ्या बापानं विहारात जाऊन, इचारून आणलं व्हतं. करुणा म्हणून." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "मंग दीड-दोन वर्सांनी तू आली. एवढं चांगलं नाव, वाया कशाला घालवायचं."

तारीख हेडमास्तरांनी दिलेली. नाव बहिणीचं. करुणाबाईंचा आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"अन मी? माझ्या वेळी चांद कसा होता?"

"मला काय ठावं."

"माय, काहीतरी आठवत असंल. ऊन होतं? रात होती?"

"नाय ठावं म्हणते ना!" गोजरबाई एकदम चिडल्यासारखी बोलली, मग तिचा आवाज खाली आला. "त्या येळंला नुसती चांदाकडं बघत बसले अन पोर गेली. तुझ्या येळंला कानाला खडा लावला. म्हणलं आता आभाळाकडं बघायचंच नाय. डोळे गच मिटले. सुईण म्हणाली, बाई, उघड की. म्हणलं पोर रडल्याबिगर उघडत नसते. तू रडली तवा उघडले."

"मग? उघडले तेव्हा? दिवस होता का रात?"

"तुझ्या त्वांडाकडं बघत व्हते," म्हातारी म्हणाली. "दिस का रात त्ये कोण बघतंय."

दिवस मावळत आला होता. गावावर चंद्र होता, अर्ध्याहून जरा भरलेला, पूर्वेकडं झुकलेला. करुणाबाईंनी तो बघितला. गोजरबाईनं मान वर केली नाही. बाजेवरचा पेढा उचलला, मोडला, एक तुकडा लेकीच्या तोंडात घातला, आणि दुसरा पुन्हा घडीवर ठेवला.

मंगळवारी, दोन डिसेंबरला, करुणाबाई चॉकलेटचा डबा घेऊन शाळेत गेल्या. न्यावा की नाही यावर त्यांनी सकाळी चहा गार होऊ दिला होता. राजेंद्र म्हणाले होते, "पोरांना काय सांगशील?" त्यावर त्या डबा उचलून निघाल्या.

त्या वर्गात शिरल्या आणि चाळीस मुलं उभी राहून गायला लागली. बेसूर, पण मनापासून. फळ्यावर रंगीत खडूनं अर्धी मोसंबी काढली होती आणि खाली लिहिलं होतं, 'करुणा मॅडम, दोन डिसेंबर'. नाव बरोबर होतं. तारीखही बरोबर होती. करुणाबाईंनी मुलांना कुठंही दुरुस्त केलं नाही. मात्र पृथ्वी आज त्या वळणावर आली आहे, हे त्या नेहमीसारखं म्हणायला गेल्या, आणि वाक्य अर्ध्यात सोडून त्यांनी खिडकी उघडली.

चॉकलेटं सोनियानं वाटली. वाटून झाल्यावर ती डबा घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, तुमचं धरून सगळ्यांना दिली. एक उरलंय. आज गैरहजर कोणीच नाही."

"आहे एक जण."

"कोण? आपल्या वर्गातली?"

"पाचोडची आहे."

सोनियानं जरा विचार केला. "मग ठेवते तिचं. तिचा वाढदिवस कधी असतो?"

करुणाबाईंनी डबा तिच्या हातातून घेतला. "आजच."

"म्हणजे तुमच्याशी जुळला, मॅडम!" सोनिया वर्गाकडे वळून ओरडली, "ए, मॅडमचा पण जुळला!"

चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. करुणाबाईंनी ते चॉकलेट ड्रॉवरमध्ये टाकलं नाही. पर्समध्ये, चष्म्याच्या घरात, नीट ठेवलं, आणि फळ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "बसा आता. पान उघडा."